'एफुरू' आणि ते लिहिणारी फ्लोरा न्वापा: पुस्तक पैसावसूल, छपाई मात्र डोळे फोडणारी

आधी निकाल सांगून टाकते, पुस्तक घ्या. ज्यांना लांबण वाचायचा कंटाळा असेल त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल. बाकीच्यांना सगळं सांगते, कारण मला पुस्तकापेक्षा ते लिहिणारी बाई जास्त आवडलीय, आणि ती कोण होती हे माहीत नसेल तर पुस्तकाची मजा अर्धीच येते असं माझं मत आहे.

तर माल असा. 'एफुरू' ही इंग्रजी कादंबरी, लेखिका फ्लोरा न्वापा, देश नायजेरिया, मूळ १९६६ सालची, माझ्याकडे आलीय ती नंतरची पुनर्मुद्रित पेपरबॅक. ऑनलाईनच मागवली, दुसरा इलाजच नव्हता. अमळनेरात पुस्तकांची दुकानं म्हणजे जूनमध्ये गाईड आणि वह्या, बाकी वर्षभर स्पर्धा परीक्षा, फेब्रुवारी २०२४ ला ९७ वं साहित्य संमेलन आपल्या गावात झालं ते तीन दिवस सोडले तर. दुकानदाराला नावं ठेवत नाही, जे खपतं तेच तो ठेवणार ना. किंमत हजाराच्या वर गेली, कुरिअरचे वेगळे. विक्रेत्यानं साध्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून पाठवलेलं, एक कोपरा पार दुमडून आला, तक्रार टाकली तर "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" असला मेसेज आला आणि विषय संपला. असो. आत पानं सगळी होती.

आता बाईबद्दल. फ्लोरा न्वापा म्हणजे मुळात आपल्यातलीच, मास्तरीण. जन्म १३ जानेवारी १९३१, गाव ओगुटा, नायजेरियाच्या आग्नेय भागात तळ्याकाठचं इग्बो लोकांचं व्यापारी गाव, सहा भावंडांत ही थोरली. इबादानच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून १९५७ ला बी.ए. केलं, मग थेट स्कॉटलंडला एडिनबरा, तिथून १९५८ ला शिक्षणशास्त्राचा डिप्लोमा, म्हणजे आपल्या हिशोबानं बी.एड.च. परत आली ती कालाबारला शिक्षण खात्यात अधिकारी म्हणून, आणि १९५९ पासून एनुगूच्या क्वीन्स स्कूल या मुलींच्या शाळेत इंग्रजी आणि भूगोल शिकवायला लागली. इंग्रजी आणि भूगोल! हे वाचून मी एकटीच हसले, कारण आमच्या शाळेत पण ज्याला इंग्रजी येतं त्याच्या गळ्यात दुसरा कुठलातरी विषय मारतातच, आणि तो बहुतेक वेळा भूगोल असतो. १९६२ ला शाळा सोडून लागोस विद्यापीठात असिस्टंट रजिस्ट्रार झाली, म्हणजे प्रवेश, फायली, सह्या, शिक्के असलं काम, ते १९६७ पर्यंत.

आणि ही कादंबरी या सगळ्या नोकऱ्या करता करताच लिहिलीय. १९६२ ला तिनं हस्तलिखित चिनुआ अचेबेंना वाचायला दिलं, ते तेव्हा मोठे लेखक झालेले आणि हाइनमन या लंडनच्या प्रकाशनाच्या आफ्रिकन रायटर्स सिरीजचं संपादन बघत होते. त्यांना आवडलं, तर त्यांनी नुसतं छान छान म्हणून सोडलं नाही, लंडनला पाठव म्हणाले आणि वर टपालाचे पैसे पण धाडले. साहित्यातले मोठे लोक असे टपालाचे पैसे देणारे असते तर आपल्याकडच्या किती जणींच्या वह्या ट्रंकेत राहिल्या नसत्या. १९६६ ला पुस्तक आलं, मालिकेतला नंबर २६, आणि त्या मालिकेत बाईनं लिहिलेलं हे पहिलं. 'पहिली आफ्रिकन लेखिका' असं सरसकट लिहिलेलं दिसतं ते मात्र जरा सांभाळून घ्यावं, कारण केनियाच्या ग्रेस ओगोट यांची कादंबरी पण त्याच साली नैरोबीतून आली होती. इंग्रजीत लिहून ब्रिटनमध्ये छापली गेलेली पहिली आफ्रिकन कादंबरीकार बाई, असा तिचा मान सांगतात, आणि तो काय लहान नाही.

पुस्तक मी उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचलं. गच्चीवर बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं काम चालू होतं, माय ज्वारीच्या घाट्याचा गोळा ओल्या फडक्यावर थापायची, मी ते फडकं बाजेवर उलटं टाकून हळूच सोडवायची, आणि हात चालू असताना आदल्या रात्री वाचलेलं तिला सांगायची. मायला इंग्रजी येत नाही पण माणसं बरोबर कळतात. त्यामुळं हा रिव्ह्यू खरं तर दोघींचा आहे.

गोष्ट अशी. एफुरू ही देखणी, नावाजलेल्या घराण्यातली पोरगी, बाप न्वाशिके ओगेने गावातला मानाचा माणूस. ती अदिझुआ नावाच्या गरीब पोराच्या प्रेमात पडते आणि देज दिल्याशिवायच त्याच्या घरी राहायला जाते. देज म्हणजे तेच, मुलाकडून मुलीच्या बापाला द्यायचं, आपल्याकडं धडगाव-अक्राणीकडं भिल्ल-पावरा लोकांत अजून आहे तसं. नवरा म्हणतो शेतावर चल, ही म्हणते शेती माझ्यानं व्हायची नाही, मी व्यापार करणार. झालं, इथंच मायनं थापायचं थांबवलं आणि विचारलं, "मंग पैसा कोनाजोडे ऱ्हास?" म्हणजे पैसा कोणाकडं राहतो? सासू कशी आहे, पोरगा दिसायला कसा, हे नंतर, पहिला प्रश्न हा. आणि गंमत म्हणजे पुस्तकाचाही पहिला प्रश्न तोच आहे.

कारण या पूर्ण पुस्तकात पैशाचा हिशोब आहे. कोण काय विकतं, कोणाला किती उधार दिलं, कोण बुडवायच्या बेतात आहे, सुकी मासळी होडीतून नेली तर तिकडून येताना काय भरून आणायचं. व्यापारात डोकं एफुरूचं, नवरा नुसता बरोबर. पैसे जमले की दोघं आधी देज देऊन टाकतात, म्हणजे लग्न कायदेशीर करून घेतात, आणि ते पैसे निम्म्याहून जास्त बायकोच्याच अकलेनं कमावलेले. हे लेखिका कुठंही ओरडून सांगत नाही, वाक्याच्या ओघात येऊन जातं. तिकडं आठवडा चार दिवसांचा असतो, एके, ओरिए, अफो आणि न्क्वो, आणि ही चारही नावं बाजाराची. आमच्या अमळनेरचा सोमवार बाजार सात दिवसांनी येतो ही आमच्या बायकांची तक्रार, इग्बो बायकांना चौथ्या दिवशी बाजार. माय म्हणाली, बरंय, भाजी शिळी होत नसेल.

उधारीचा भाग तर इतका ओळखीचा आहे की मला मध्येच गावातली दोन-चार नावं आठवली (लिहिणार नाही, नातेवाईक पण हे वाचतात). न्वोसू आणि न्वाबाटा हे नवरा-बायको एफुरूकडून पैसे घेतात, आणि त्यांची दहा-एक वर्षांची पोरगी ओगेआ तिच्याकडं कामाला राहते. पैसे फिटेपर्यंत पोरगी तिथंच. आपल्याकडं आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार ठरतो, उचल घेतो आणि मग वर्षभर त्या उचलीच्या मागं फिरतो, तसलाच हा व्यवहार, फक्त इथं लेकरू आहे. एफुरू वाईट मालकीण नाही, उलट त्या पोरीला जीव लावते, न्वोसू आजारी पडतो तेव्हा त्याला डॉक्टरकडं पण तीच नेते, पाय सडलेल्या म्हातारीला पण तीच दवाखान्यात पोचवते. पण एवढं करूनही न्वाबाटाला पैसे मागायला जाताना काय बोलायचं, कसं बोलायचं, हा अवघडपणा जो आहे ना, सावकाराचाही आणि कर्जदाराचाही, तो मी एवढ्या बारकाईनं क्वचित वाचलाय.

मग दुःखाचा भाग. एकुलती एक लेक ओगोनिम तापानं जाते. नवरा दुसऱ्या बाईच्या नादी लागून परागंदा होतो, एवढा की लेकीच्या मातीलाही येत नाही. सासू चांगली आहे पण सोसण्यालाच धर्म मानणारी, तिनं स्वतः नवऱ्याची वाट बघत आयुष्य घालवलेलं. आणि त्या सासूची बहीण अजानुपू, ही माझी या पुस्तकातली सगळ्यात लाडकी. तोंडाळ, भांडखोर, सगळ्यांच्या घरात नाक खुपसणारी, पण बाळंतपण असो की आजारपण, पहिली हजर. अशी एक मावशी किंवा काकू प्रत्येक गल्लीत असते आणि गल्ली चालते ती तिच्याच जिवावर. एफुरू माहेरी येते, पुढं दुसरं लग्न करते, गिल्बर्ट नावाचा शिकलेला माणूस, तो सुरुवातीला बरा वाटतो. मग हाही एकदा गायब होतो, सासऱ्याच्या मयताला पण नसतो, नंतर कळतं की तो तुरुंगात होता. आणि एफुरू आजारी पडते तेव्हा गावात आवई उठते की हिनं काहीतरी पाप केलंय म्हणून दुखणं हटत नाही, आणि हा शिकलेला नवरा त्या आवईवर विश्वास ठेवून तिलाच जाब विचारतो.

इथं अजानुपू त्याला आडवी येते. तो तिला थोबाडीत मारतो, ती खाली पडते, उठते, आणि उखळाजवळचं मुसळ उचलून त्याच्या डोक्यात घालते. मुसळाचे तुकडे, गिल्बर्ट रक्तबंबाळ. मी हे सांगितलं तेव्हा मायनं हातातला घाट्याचा गोळा तसाच फडक्यावर आपटला, "बरं जायं!" ती बिबडी अजून आमच्याकडं वेगळी ओळखू येते, एका बाजूनं जाड.

(शेवट सांगून टाकला म्हणून शिव्या देऊ नका, या पुस्तकात पुढं काय होणार याची उत्सुकता हा मुद्दाच नाही, साठ वर्षं झालीत त्याला.)

देवीबद्दल लिहिलंच पाहिजे. ओगुटाच्या तळ्यात उहामिरी नावाची देवी राहते असं तिथली माणसं मानतात, सुंदर, श्रीमंत, तळ्याच्या तळाशी तिचं घर. एफुरूच्या स्वप्नात ती यायला लागते, जाणकाराला विचारल्यावर तो सांगतो की देवीनं तुला निवडलंय. मग तिचे नेम. ओरिए हा तिचा दिवस, त्या दिवशी तळ्यात मासे धरायचे नाहीत, याम खायचा नाही, नवऱ्यापासून लांब राहायचं. याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद, तो तिकडं मुख्य अन्न. तो चालत नाही मग काय चालतं, तर केळी, उकडून भाजून तळून कशीही. जळगाव जिल्ह्यातल्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल सांगा! आम्ही एकादशीला केळी खातो तेव्हा तिकडं तळ्याकाठी कोणीतरी उहामिरीच्या नावानं भाजतंय. मायला ही देवी फार पटली. आमच्याकडं श्रावणात कानबाई बसते, रोट होतात, रात्रभर गाणी, सकाळी विसर्जन, त्यामुळं घरातल्या बाईच्या स्वप्नात, अंगात देवी येण्याचं तिला काही नवल नाही. तिला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. उहामिरीच्या बहुतेक भक्तिणींना पोरं होत नाहीत किंवा जगत नाहीत. देवी रूप देते, पैसा देते, लेकरू देत नाही, तिला स्वतःलाच नाही. तरी बायका तिला का पुजतात, हा प्रश्न विचारून पुस्तक संपतं, उत्तर न देता. नंतरच्या पिढीतली नायजेरियन लेखिका बुची एमेचेटा हिनं आपल्या एका गाजलेल्या कादंबरीचं नाव या शेवटच्या परिच्छेदातूनच उचललं. माय थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पैसा तं दिधा ना तिनं." तिचं उत्तर तयार होतं.

आता खटकलेलं. सुरुवातीलाच एफुरूचा एक विधी आहे, मुलींचा अवयव कापायचा, गावात त्याला अंघोळ म्हणतात. लेखिका तो जसा घडतो तसा लिहून पुढं जाते, त्याच्यावर भाष्य नाही, राग नाही. मला ती पानं वाचताना पोटात कालवलं आणि लेखिकेनं काहीतरी बोलायला हवं होतं असं वाटलं. दुसरीकडं हेही खरं की गावातल्या बायका त्या वेळी जशा बोलल्या असत्या तशाच ती बोलू देते, मध्ये स्वतः येऊन भाषण देत नाही, आणि हाच तिचा गुण बाकी सगळीकडं मला आवडलाय. तरी नववी-दहावीच्या मुलींना हे पुस्तक द्यायचं असेल तर ते प्रकरण आधी स्वतः वाचून ठरवा. आणि मधला भाग रेंगाळतो. तीच तीच माणसं येतात, कसं काय चाललंय विचारतात, पाणी पितात, कोला नट (पाहुण्याला द्यायचं एक कडवट बी) फोडतात, जातात. त्या काळच्या काही समीक्षकांनी याच कारणावरून तोंड वाकडं केलं होतं, बायकांच्या गप्पाच गप्पा आहेत म्हणून. मला ते पटत नाही. गप्पांतूनच तर कळतं कोण कोणाला पाण्यात बघतंय, ओमिरिमा नावाची एक कळलावी बाई आहे ती नुसती ओट्यावर बसून बोलते आणि तिघांची घरं हलतात. बहिणाबाईंच्या गाण्यांवर पोसलेल्या खान्देशी माणसाला बायकांचं बोलणं म्हणजे साहित्य नाही असं कोणी सांगू नये. पण रेंगाळतं हे मात्र खरं, पन्नासेक पानं कमी असती तर बरं झालं असतं.

पुस्तकानंतर मी बाईचं पुढचं आयुष्य शोधून वाचलं आणि खरी पैसेवसुली मला तिथं झाली.

१९६७ ला बियाफ्राचं युद्ध सुरू झालं, इग्बो लोकांचा प्रदेश वेगळा व्हायला निघाला आणि अडीच वर्षं जी काय होरपळ झाली ती जगानं फोटोंत बघितली, पोटं फुगलेली लेकरं. त्याच साली तिचं लग्न झालेलं, नवरा गोगो न्वाकुचे, उद्योगपती. लागोस सोडून सगळे पूर्वेला परतले. सप्टेंबर १९६८ ला सरकारी फौजा थेट तिच्या ओगुटात घुसल्या होत्या, थोड्याच दिवसांत बियाफ्राच्या सैन्यानं गाव परत घेतलं. त्यावर तिनं पुढं १९७५ ला 'नेव्हर अगेन' ही छोटी कादंबरी लिहिली, त्यात सभांमधून "आपण जिंकतोय" म्हणून ओरडणारे पुढारी आणि रात्री गुपचूप गाठोडी बांधणारी घरं आहेत. जानेवारी १९७० ला युद्ध संपलं आणि बाई ईस्ट सेंट्रल स्टेट या नायजेरियातल्या इग्बो राज्याच्या सरकारात आरोग्य आणि समाजकल्याण खात्याची मंत्री झाली. युद्धात ज्यांचे आईबाप हरवले किंवा मेले अशा सुमारे २,००० मुलांना घर मिळवून द्यायचं काम तिच्या खात्यानं केलं. विचार करा, जिनं आधीच्याच पुस्तकात लेकरू नसलेल्या बाईवर शेवटचा प्रश्न लिहिलाय, तिच्या टेबलावर आता घर नसलेल्या लेकरांच्या याद्या. पुढं १९७४ पर्यंत जमीन, भूमापन आणि नगरविकास हे खातं. म्हणजे आधी मास्तरीण, मग रजिस्ट्रार ऑफिस, मग मंत्रालय, आणि या धबडग्यातच १९७० ला 'इडू' ही दुसरी कादंबरी, १९७१ ला कथासंग्रह, १९७२ ला मुलांचं पुस्तक. आम्ही जनगणना, निवडणूक आणि शालेय पोषण आहाराच्या रजिस्टरात दमून जातो आणि म्हणतो लिहायला वेळ कुठं मिळतो.

सगळ्यात भारी काम पुढचं. मंत्रिपद सुटल्यावर तिनं एनुगूला स्वतःचं प्रकाशन काढलं, टाना प्रेस, आणि मुलांच्या पुस्तकांसाठी फ्लोरा न्वापा बुक्स. आफ्रिकेत बाईनं स्वतःची प्रकाशन संस्था चालवायची ही त्या वेळी जवळपास नसलेलीच गोष्ट. लंडनचा प्रकाशक पाठीशी असताना हे कशाला, असं कोणी म्हणेल. पण शाळेत शिकवलेली बाई आहे ती, तिला माहीत होतं की तिकडच्या पोरांच्या हातात पडणारी चित्रांची पुस्तकं सगळी इंग्लंडातली, बर्फ आणि सफरचंदांची. तिनं १९७९ ला 'मॅमीवॉटर' काढलं, आपल्याच तळ्यातली देवी मुलांसाठी. आणि कादंबऱ्याही स्वतःच छापायला लागली. १९८१ ची 'वन इज इनफ' यातली अमाका मूल होत नाही म्हणून छळणारं सासर सोडून लागोसला जाते, धंदा करते, कंत्राटं मिळवते, पुढं जुळी मुलं होतात ती एका धर्मगुरूपासून, आणि तो लग्नाला तयार असताना ही नाही म्हणते, एकदा केलं तेवढं पुरे. १९८१ ला! लंडनच्या संपादकाला विचारत बसायची गरजच नव्हती, छापखाना, पैसा, निर्णय सगळं हिच्याकडं. एफुरू जे मासळीच्या व्यापारात करते ते हिनं पुस्तकांच्या व्यापारात केलं.

१९८६ ला 'विमेन आर डिफरंट' आलं, मिशनच्या मुलींच्या शाळेतल्या मैत्रिणी, रोझ, अॅग्नेस, डोरा, शाळेपासून पार मध्यमवयापर्यंत. शिक्षिकांनी हे आधी वाचावं असं मी म्हणेन, एफुरूपेक्षा सोपंही आहे. त्याच साली कसाव्यावर एक लांब कविता पण. कसावा म्हणजे ज्याच्या कंदापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो तो. त्या कवितेत ती कसाव्याला आई म्हणून ओवाळते, आणि बाहेरून आयात होणाऱ्या, प्रतिष्ठेच्या तांदळाच्या मागं धावणाऱ्या आपल्याच लोकांना टोचते. ज्वारी-बाजरी गरिबाची आणि बासमती पाहुण्यांचा, हे आपल्याकडं चालतंच की.

प्रकाशनाचा धंदा सोपा गेला नसणारच, ऐंशीच्या दशकात नायजेरियाचं चलन नैरा घसरलं, कागद महाग झाला, लोकांनी पुस्तकं घ्यायची कुठून. तरी ती छापत राहिली, मध्ये मैदुगुरी विद्यापीठात सर्जनशील लेखन पण शिकवलं, म्हणजे वर्ग काही सुटला नाही. १९९२ ला तिची काही पुस्तकं अमेरिकेतून परत निघाली, आणि १६ ऑक्टोबर १९९३ ला एनुगूला न्यूमोनियानं गेली, ६२ वर्षांची. अमळनेरकरांना मास्तर आणि लेखक एकाच माणसात बघायची सवय आहे, प्रताप हायस्कूलसमोरून जाताना साने गुरुजी आठवतातच. पण मास्तर, लेखक, मंत्री आणि वर प्रकाशक अशी बाई मला तरी दुसरी आठवत नाही. २०१७ ला तिच्या वाढदिवशी गुगलनं डूडल केलं होतं म्हणे, मला तेव्हा दिसलं असतं तर एवढी वर्षं आधी वाचलं असतं.

आता घेणाऱ्यांसाठी कामाचं. इंग्रजी अवघड नाही, वाक्यं छोटी, दहावीपर्यंतचं इंग्रजी पक्कं असेल तर डिक्शनरी न घेता निघून जातं, फक्त इग्बो नावं सुरुवातीला गोंधळात पाडतात, पहिल्या पानावर पेन्सिलनं नातेवाईकांचा तक्ता करून ठेवा. अक्षर बारीक आहे, ओळी दाटीवाटीनं, चाळिशी लागलेल्यांनी दिवसाउजेडी वाचावं, रात्री बल्बखाली मी वैतागले. बांधणी चिकटवलेली, मधून जास्त उघडलं तर पान सुटेल अशी भीती वाटते, माझं अजून तरी सुटलं नाही. कागद पिवळट, तो मला आवडतो. किंमत जास्तच आहे, शिक्षकाच्या पगारालाही टोचते, म्हणून आमच्या शाळेत आम्ही तिघींनी मिळून वर्गणी काढायचं ठरवलंय 'विमेन आर डिफरंट'साठी, तुम्हीही तसंच करा किंवा कॉलेजच्या लायब्ररीला मागणी अर्ज द्या, एम.ए. इंग्रजीला आफ्रिकन साहित्य असतं तिथं बजेटातून घेतात.

सेकंडहँड जुनी नारिंगी कव्हरवाली प्रत मिळाली तर ती स्वस्त पडेल, पण विक्रेत्याकडून आधी पानांचे फोटो मागवा, शेवटचं पान आहे का ते खास बघा, आणि खोक्यात पाठव म्हणून दोनदा बजावा.